ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत नेमकं चालतं काय?

निवडणुकीच्या आठवड्यात गावात कुणाला झोप नसते. कोण कुठल्या वॉर्डातून उभं आहे, कुणाचं मत कुणीकडे फिरलं, याशिवाय पारावर दुसरा विषय नसतो. गुलाल उधळला की सगळं शांत होतं. आणि ज्या कामासाठी ही माणसं निवडून दिली ते काम खरोखर सुरू होतं, तेव्हा तिकडे कुणी फिरकत नाही. दर महिन्याला एक सभा, पाच वर्षांत साठ सभा. गावाचं पाणी, दिवाबत्ती, गटारी, रस्ते यांचा पैसा कुठे आणि कसा जाणार हे त्या साठ सभांमध्ये ठरतं.

मी एक पंचवार्षिक सदस्य होते. पहिल्या वर्षी सभेत जे वाचलं जायचं त्यातलं निम्मं मला कळत नसे. ‘इतिवृत्त कायम करणे’, ‘कार्योत्तर मंजुरी’, ‘बंधित निधी’, ‘ऐनवेळचे विषय’. भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, भराभर वाचत जायचे, शिपाई वही पुढे करायचा, आम्ही सह्या करायचो. हळूहळू लक्षात आलं की यातली एकही गोष्ट अवघड नाही, अवघड आहे ती फक्त भाषा. घरचा हिशोब ज्या बाईला ठेवता येतो तिला ग्रामपंचायतीचा अजेंडाही वाचता येतो. तो कसा वाचायचा, तेवढंच इथे सांगायचं आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. ग्रामसभा वेगळी आणि मासिक सभा वेगळी. ग्रामसभा सगळ्या गावाची. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य. ती वर्षातून निदान चार वेळा घ्यावी लागते आणि तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. मासिक सभा मात्र फक्त निवडून आलेल्या सदस्यांची. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमावर चालतो, आणि त्यानुसार लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य असतात. आमचं गाव नऊ सदस्यांचं, म्हणजे दीड ते तीन हजार वस्तीतलं. गावाने काय करायचं याची दिशा ग्रामसभेत ठरते. बिलं, निविदा, अर्ज, वसुली हे रोजचं सगळं मासिक सभेत येतं. ग्रामसभेला दोन-तीनशे माणसं जमून भांडतात, पण बिल मंजूर होतं ते आठ-दहा खुर्च्यांच्या त्या खोलीत.

या सभेचा सचिव म्हणजे ग्रामसेवक. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एक करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलं गेलं, पण गावात हाक अजून ‘भाऊसाहेब’ अशीच मारतात. ते सरकारी नोकर. त्यांना मत नाही, पण अजेंडा लिहितात ते, प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेत झालेल्या ठरावांची वही, लिहितात ते, आणि पैसे काढताना सरपंचांच्या सहीबरोबर दुसरी सही त्यांची असते. कायदा माहीत असलेला माणूस बहुतेक वेळा त्या खोलीत तेवढाच एक असतो. म्हणून सदस्यांनी स्वतः वाचायला शिकणं गरजेचं आहे. भाऊसाहेब चांगले असले तरी आणि नसले तरी.

नोटीस आणि गणपूर्ती

साध्या मासिक सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी मिळाली पाहिजे, विशेष सभेची एक दिवस आधी. नोटिशीत सभेचे विषय लिहिलेले असतात, त्यालाच आपण अजेंडा म्हणतो. खूप ठिकाणी शिपाई सकाळी घरी येतो, नोटीस आणि पोहोच वही एकदमच पुढे करतो आणि ‘अकरा वाजता सभा आहे’ म्हणून सांगतो. पोहोच वहीत सही करताना तारीख आपल्या हाताने टाकायची. मागची तारीख टाकून मागितली तर द्यायची नाही. गोष्ट छोटी आहे, पण पुढे कधी सभा वादात सापडली तर सगळं त्या तारखेवर येऊन थांबतं.

सभा चालायला निम्मे सदस्य हजर लागतात. याला गणपूर्ती किंवा कोरम म्हणतात. कोरम झाला नाही तर सभा तहकूब होते. मग त्याच विषयांसाठी जी तहकूब सभा पुन्हा बोलावतात, तिला कोरमची अट राहत नाही. म्हणजे वादाचा विषय आहे म्हणून मुद्दाम गैरहजर राहिलात, तर पुढच्या वेळी दोन-तीन जण बसूनही तो मंजूर करू शकतात. नापसंती दाखवायची तर सभेत बसून दाखवावी लागते. आणि बसायचं ते सदस्यानेच. महिला सदस्याच्या नवऱ्याला, दिराला किंवा मुलाला त्या खुर्चीत बसायचा काहीही अधिकार नाही. सही तिची असते आणि जबाबदारीही तिचीच.

विषय क्रमांक १

‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ इतिवृत्त म्हणजे सभेत काय झालं याची वहीतली नोंद. कुठल्याही अजेंड्यावर हा विषय पहिला असतो आणि सगळ्यात वेगाने जातो. ‘कायम’ असं म्हटलं की मागच्या महिन्यात वहीत जे लिहिलं तेच खरं मानलं जातं. तुम्ही सभेत विरोध केला होता आणि वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ असं उतरलं असेल, तर ते सांगायची हीच वेळ. मला हे कळायला सात-आठ महिने लागले. तोवर मी ज्या ठरावाला तोंडाने ‘नको’ म्हटलं होतं, त्यावर वहीत माझी सही होती आणि माझा विरोध कुठेही नव्हता.

ठरावाचा साचा ठरलेला असतो. विषय, थोडी चर्चा, मग ‘सदर विषयास सभा मंजुरी देत आहे’, खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. सूचक म्हणजे ठराव मांडणारा, अनुमोदक म्हणजे त्याला दुजोरा देणारा. आपलं नाव सूचक म्हणून टाकलं जातंय का हे बघत राहा. पुढे चौकशी लागली की पहिलं बोट त्या दोन नावांकडे जातं. मतं समसमान पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत असतं. आणि एकदा झालेला ठराव तीन महिन्यांच्या आत फिरवायचा असेल तर साधं बहुमत पुरत नाही, एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणून ‘आत्ता होऊ दे, पुढच्या महिन्यात बघू’ असं कुणी म्हणालं, तर थांबून विचार करा.

जमाखर्च: इथे वेळ द्या

दुसरा किंवा तिसरा विषय ‘मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे’. सगळ्या सभेत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा. यात बहुतेक खर्च आधीच झालेला असतो आणि सभा त्याला मागून होकार देते. कार्योत्तर मंजुरी म्हणतात ती हीच. बल्ब, झाडू, स्टेशनरी, मोटर रिवाइंडिंग, पाइपलाइन गळती दुरुस्ती, वीजबिल, कर्मचाऱ्यांचा पगार, टीसीएल पावडर. रकमा लहान असतात, म्हणून कुणी विचारत नाही.

एका जूनच्या सभेत ‘टीसीएल पावडर खरेदी, ४ बॅगा’ असं वाचलं गेलं. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. माझ्या शेजारी बसायच्या त्या काकूंचं किराणा दुकान होतं. शाळा चौथीपर्यंत, पण मालाचा हिशोब तोंडपाठ. त्यांनी मला हळूच विचारलं, “टाकीत किती घालत्यात गं?” हजार लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण मला आशाताईंकडून ऐकून माहीत होतं. आमची टाकी ५० हजार लिटरची. एकदा भरली की २५० ग्रॅम. दिवसाला दोनदा भरते, म्हणजे अर्धा किलो. महिन्याचे १५ किलो. बॅग २५ किलोची.

काकूंनी मान वर केली. “भाऊसाहेब, शंभर किलो म्हणजे आमच्या टाकीला सहा महिने पुरायची. एवढी कशाला?”

भाऊसाहेब म्हणाले, “काकू, पावसाळ्याचा साठा आहे. आडातही टाकतो, वाडीवरच्या विहिरीतही टाकतो.”

“मग साठ्याची वही आणा की.”

वही आली. दोन बॅगांची नोंद होती, दोन बॅगांची नव्हती. आम्ही चौघी-पाच जण उठून पंपघरात गेलो. चारही बॅगा तिथेच होत्या. पैसे कुणी खाल्ले नव्हते. पण एक बॅग फुटलेली, भिंतीच्या ओलीने पावडरचे खडे झालेले, आणि क्लोरिनचा तो नाकात जाणारा वास जवळजवळ उडालेला. अशी पावडर टाकीत टाकली काय आणि चुना टाकला काय, पाणी शुद्ध होत नाही. तोंडावर पावसाळा होता. त्या दिवशी ठराव झाला: पावडर दर महिन्याला लागेल तेवढीच घ्यायची, लाकडी फळीवर ठेवायची, आणि रोज किती टाकली ते पाणी सोडणाऱ्याने तारखेसह लिहायचं.

जमाखर्चाला प्रश्न विचारला की लगेच ‘संशय घेता का’ असं म्हणतात. म्हणून हा प्रसंग मी इतका सविस्तर सांगितला. प्रश्न फक्त चोरी पकडायला नसतो. हिशोब विचारला नसता तर खर्च कागदावर चोख दिसला असता आणि गावाने पावसाळाभर तसलंच पाणी प्यायलं असतं. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, असं वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची तपासणी होते आणि धोक्याप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे हे जमाखर्चाच्या विषयावर विचारायला हरकत नाही. तिथेच ते विचारलं पाहिजे.

जमाखर्चात आणखी एक गोष्ट बघायची. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीय वस्तीसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हा खर्च वर्षभर मागे पडतो आणि मार्चमध्ये घाईने उरकला जातो. सप्टेंबरच्या सभेतच ‘यातले किती झाले’ असं विचारलं, तर मार्चमध्ये सगळ्या वस्तीला न लागणाऱ्या वस्तू वाटायची वेळ येत नाही.

वसुलीची टक्केवारी

घरपट्टी आणि पाणीपट्टी हे गावाचं स्वतःचं उत्पन्न. कुणाचं घर किती मोठं, त्यावर किती कर, याची नोंद नमुना नंबर ८ मध्ये. कुणाकडून किती येणं आहे ते नमुना ९ मध्ये. पैसे भरल्यावर मिळते ती पावती नमुना १०. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले तरी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात तुमच्याशी बोलण्याची पद्धत बदलते.

सभेत ‘वसुली ८८ टक्के’ असं सांगितलं की सगळे खूश होतात. तेव्हा विचारायचं, कशाच्या ८८? समजा मागची थकबाकी २ लाख ४० हजार आहे आणि चालू वर्षाची मागणी ३ लाख १० हजार. एकूण येणं साडेपाच लाख. वसूल झाले पावणेतीन लाख. एकूण येण्यावर बघाल तर वसुली निम्मी. पण तेच पावणेतीन लाख फक्त चालू मागणीवर बघितले की ८८ टक्के दिसतात. दोन्ही आकडे खरे, पण गावाची स्थिती पहिला सांगतो.

सदस्याने स्वतःची घरपट्टी मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. ग्रामपंचायतीच्या कामाच्या ठेक्यात त्याचा प्रत्यक्ष किंवा आडून हिस्सा असेल तरीही. दुसरी गोष्ट प्रत्येकाने मनाशी नीट तपासावी, कारण भाच्याच्या नावावर काम घेणं गावात गैर समजलं जात नाही, कायद्यात मात्र ते महागात पडतं.

वित्त आयोगाचा पैसा

लहान गावात स्वतःचं उत्पन्न पगार आणि वीजबिलातच संपतं. नवीन काम होतं ते बहुतेक केंद्राच्या वित्त आयोगाच्या पैशातून. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२५-२६ पर्यंत, हा पैसा दोन भागांत येत होता. ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. बंधित म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच: निम्मा पिण्याचं पाणी आणि पाणी साठवण, निम्मा स्वच्छता, सांडपाणी, घनकचरा. अबंधित म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगारासाठी नाही. ‘बंधित’ शब्द ऐकला की समजायचं, या पैशातून मंदिरापुढे फरशी बसवता येणार नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

यासाठी आधी गावाचा वार्षिक आराखडा लागतो, ‘आमचा गाव, आमचा विकास’ म्हणतात तो. आराखडा ग्रामसभेत ठरतो. आराखड्यात नाही ते काम सभेत आलं, तर ‘हे आराखड्यात आहे का’ हाच पहिला प्रश्न विचारायचा. मग पंचायत समितीचे अभियंता अंदाजपत्रक करतात, तांत्रिक मान्यता होते, प्रशासकीय मान्यता होते, ठेकेदाराला कार्यारंभ आदेश मिळतो. काम झाल्यावर अभियंता मोजमाप घेऊन एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत लिहितात. बिल निघतं ते एमबीवरून. पैसे सरपंच आणि भाऊसाहेब या दोघांच्या डिजिटल सहीने थेट ठेकेदाराच्या खात्यावर जातात. ही डिजिटल सही म्हणजे एक छोटं यूएसबी टोकन. बऱ्याच गावांत सरपंचाचं टोकन सरपंचाकडे नसतंच, संगणकाच्या खणात असतं. सही ज्याची, टोकन त्याच्याच खिशात असायला हवं. एखाद्या नव्या सरपंच ताई हे वाचत असतील तर बाकी सगळं विसरा, पण पहिल्या दिवशी तेवढं ताब्यात घ्या.

बिल मंजुरीला आलं की ‘एमबी झाली का’ एवढंच विचारायचं. आणि शक्य असेल तर सभेच्या आदल्या दिवशी त्या गटारीवरून चालून यायचं. कागदावर ६० मीटर असेल तर पावलं मोजली तरी अंदाज येतो.

नोंदी, दाखले आणि शेवटचा विषय

मधले विषय म्हणजे अर्ज. वारस नोंद, खरेदीची नोंद, नळ कनेक्शन, अतिक्रमणाच्या तक्रारी, वरच्या कार्यालयांची आलेली पत्रं. यातलं बरंचसं सरळ असतं. फक्त घराच्या नोंदीला घाई नको. नमुना ८ ला नाव लागणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नाही, ती कराची नोंदवही आहे. तरी भावाभावांच्या वाटणीत त्या एका नावावरून वर्षानुवर्षं कोर्ट चालतं. खरेदीखत किंवा वारसाचे कागद जोडलेत का, बाकीच्या हिस्सेदारांना नोटीस गेली का, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नये.

शेवटचा विषय प्रत्येक अजेंड्यावर एकच असतो: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे’. मूळ हेतू चांगला आहे. मोटर जळाली, पाणी बंद आहे, पुढच्या सभेपर्यंत थांबता येत नाही, अशा वेळी ही सोय लागतेच. पण या विषयाला आधी नोटीस नसते, अभ्यास नसतो, सगळे उठायच्या तयारीत असतात आणि चहा आलेला असतो. मोठ्या रकमेचा किंवा जागेचा ठराव इथे आला तर एक वाक्य पुरतं: “हा विषय पुढच्या सभेच्या अजेंड्यावर घ्या.” आणि सही करण्याआधी बघा, शेवटच्या ठरावाखाली आणि सह्यांच्या वर कोरी जागा राहिली आहे का. राहिली असेल तर तिथे आडवी रेघ मारायला सांगा. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खोलीत सगळे गप्प झाले. दुसऱ्या महिन्यापासून भाऊसाहेब स्वतःच रेघ मारायला लागले.

तुम्ही सदस्य नसाल तरी हे सगळं तुम्हाला बघता येतं. ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की आराखडा आणि झालेला खर्च दिसतो, त्याला पासवर्ड लागत नाही. प्रोसिडिंगची प्रत माहितीच्या अधिकारात मिळते. अर्जाला १० रुपये, ३० दिवसांत उत्तर, प्रतीला पानामागे २ रुपये. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या मासिक सभांच्या इतिवृत्ताच्या आणि त्या महिन्यांच्या जमाखर्च पत्रकाच्या प्रती’ एवढंच लिहा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. एका बोटाखाली संकेतस्थळावरची पैसे गेल्याची तारीख, दुसऱ्या बोटाखाली वहीतल्या ठरावाची तारीख. कामाच्या बिलाचे पैसे १२ तारखेला गेले आणि मंजुरीचा ठराव २० तारखेचा असेल, तर येत्या ग्रामसभेत हात वर करून काय विचारायचं ते तुमच्यापुढे लिहिलेलंच आहे.